पट्टीवरचा डोळा

"ताई, एवढे आयकॉन काहून ठेवले जी? वरच्या पट्टीवर नुसती जत्रा भरून राहिली!"

पायलचं म्हणणं खरं होतं. कौसल्याबाईंच्या लॅपटॉपच्या वरच्या पट्टीवर मुंगी शिरायला जागा नव्हती. सक्करदऱ्याच्या ज्या छापखान्यात त्या मजकूर टाइप करत, तिथं जो कोणी मशीन दुरुस्त करायला आला, तो आपलं एखादं चिन्ह पट्टीवर चिकटवून गेला. फॉन्टचं, प्रिंटरचं, अँटीव्हायरसचं. आता मराठी-इंग्रजी कीबोर्ड बदलायचं चिन्हच पट्टीच्या मधोमध असलेल्या कॅमेऱ्याच्या काळ्या खाचेमागे गडप झालं होतं आणि धम्मचक्र प्रवर्तन दिनाच्या पुस्तिका तर गळ्याशी आल्या होत्या.

"मी कुठं ठेवले वं? पाहुणे आले अन् बसले. काढ तू, जे लागत नाही ते."

शेजारच्या मशीनवरची ही पोरगी चटपटीत. तिनं भराभर एकेक चिन्ह बंद केलं. घड्याळाजवळचा एक बारीक डोळा मात्र हलेना. तिनं त्यावर टिचकी मारली. चौकट उघडली: हा स्क्रीन भैयाजींच्या मोबाईलवर दिसत आहे.

भैयाजी म्हणजे छापखान्याचे मालक.

"मले वाटलं, तुम्हाले माहीत असन," पायल मान खाली घालून म्हणाली.

"तुया मशीनवर आहे काय हे?"

"नाही जी."

कौसल्याबाईंना आधी लाज वाटली, आणि मग लाज आपल्याला का वाटावी, याचा संताप आला. उन्हाळ्यात एक जुनं गिऱ्हाईक समोरच्या दुसऱ्या छापखान्यात गेलं होतं, इथल्याच पत्रिकेच्या नमुन्यासकट. "ताई, बाहेर कोणाले काही पाठवता त नाही ना?" भैयाजींनी हसत विचारलं होतं. त्याही हसल्या होत्या. छापखान्याची किल्ली वर्षानुवर्षं त्यांच्याच पर्समध्ये. "कौसल्याबाई म्हणजे घरच्याच," असं हा माणूस येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगे. आणि याच मशीनवर जेवणाच्या सुट्टीत त्यांनी लेकीला, दामिनीला, आलेले स्थळांचे नकार वाचले होते. म्हणजे तेही त्यानं वाचले असणार. जळो असलं घरपण!

"काढायले मालकाचा पासवर्ड लागन," पायल हळूच म्हणाली. "पण लपवता येते."

"नको. उरलेसुरले सारे लपव. कीबोर्ड अन् हा डोळा, दोनच ठेव."

"कुठवर आलं, ताई?" दुपारी भैयाजी विचारत आले आणि कौसल्याबाईंच्या मागे उभे राहिले. स्वच्छ झालेल्या पट्टीवर उरलेल्या डोळ्याकडे त्यांचं लक्ष गेलं. मग ते उगाचच खिसे चाचपू लागले.

"इथवर काहून आले, भैयाजी?" कौसल्याबाई मान न वळवता म्हणाल्या. "घरूनच पाहायचं ना. सारं त दिसते तुम्हाले."

"तसं नाही, ताई, ते..."

शेजारी पायलची बोटं थांबली.

मालक मागे येऊन उभे राहिले, की कौसल्याबाई उठून आपली खुर्ची त्यांना देत असत. आज त्या बसूनच टाइप करत राहिल्या.