कंदील पुसणारा कुंचला

मित्रांनो, मी एक जुना कुंचला आहे. माझे केस घोड्याच्या शेपटीचे, मूठ चिवट लाकडाची. पेरूच्या किनाऱ्यावर, मासळीची भुकटी करणाऱ्या कारखान्याच्या वस्तीत माझा सारा जन्म गेला.

मला फिदेन्सिओनं आपल्या हातानं बांधलं. तो कारखान्यात पोती उचलायचा. संपात चाळीस दिवस तो फाटकासमोरून हलला नाही, म्हणून कामगारांनी त्याला नगरपालिकेला उभं केलं. त्यांच्या पक्षाची खूण कंदील. आमच्याकडे प्रचार भिंतींवर रंगतो, आणि भिंत हवी असेल तर उमेदवारानं स्वतः दारात जाऊन मागायची असते.

फाटकासमोरची भिंत क्लोरिंदामावशीची. धुराड्याच्या धुरानं तिची नात सारखी खोकायची. फिदेन्सिओनं धुराड्याला धूर गाळणारी जाळी बसवायचा शब्द दिला, मावशीनं भिंत दिली. मी पिवळाधमक कंदील काढला. जाणारेयेणारे थांबून बघत. फिदेन्सिओ निवडून आला. त्या संध्याकाळी त्यानं मला साबणानं धुतलं, लेकराचे विंचरावेत तसे माझे केस विंचरले.

चार वर्षं गेली. जाळी काही आली नाही. मग मालकांच्या पक्षानं फिदेन्सिओला महापौरपदाचं तिकीट देऊ केलं, आणि त्यानं ते घेतलं. त्यांची खूण कोंबडा. कंदील पुसायला त्यानं आधी भाड्याचे रंगारी पाठवले. मावशीनं त्यांना मक्याचं सरबत पाजलं आणि निरोप दिला, ज्यानं काढलाय त्यानंच पुसावा.

शेवटी तो मला घेऊन आला.

"मावशी, बाहेर उभं राहून ओरडलं की जाळी बसत नाही," तो म्हणाला. "आत शिरावं लागतं."

"चार वर्षं आतच होतास ना रे?" मावशी म्हणाली. "पूस. पण पाळी सुटल्यावर पूस. सगळ्यांना दिसू दे."

भोंगा वाजला. त्याच्याबरोबर पोती उचललेली माणसं बाहेर आली आणि उभी राहिली. त्यांतला एक म्हातारा म्हणाला, "फिदेन्सिओ, त्या कोपऱ्यात राहिलंय बघ थोडं."

चुन्याचे तीन हात दिले तेव्हा कुठे कंदील दिसेनासा झाला. त्यानं एकदाही मागं वळून बघितलं नाही. माझा एक केसही वाकडा झाला नाही.

मग त्यानं लाल रंगाचा डबा उघडला. मावशी दारातूनच म्हणाली, "पुसायला दिली होती भिंत. लिहायला नाही."

तो मला चुन्याच्या बादलीतच टाकून निघून गेला. दुसऱ्या भिंतींच्या जोरावर तो निवडूनही आला. मावशीच्या अंगणात पडल्यापडल्या त्या नातीचा खोकला मला अजून ऐकू येतो. माझ्यावरचा चुना वाळून दगड झालाय.

मित्रांनो, काम झालं की आम्हाला धूत जा. आणि आम्हाला हातात घेण्याआधी, काय पुसताय ते एकदा नीट बघत जा. आम्हाला ते जमत नाही. मावशीनं अडवलं नसतं, तर कोंबडाही मी तितकाच सुरेख काढला असता.