पिलांवाली कोंबडी

लहानगी महामाया दवाखान्यातून घरी आली तेव्हापासून तिच्या आजीचं, बनाबाईचं, काम दुपटीनं वाढलं. नात दोन वर्षांची. कोंबडीची पिलं उचलून गालाला लावायची, पापे घ्यायची आणि तीच बोटं तोंडात घालायची. जुलाब इतके झाले की खामगावला नेऊन सलाईन लावावी लागली. ‘‘कोंबड्यांपासून लांब ठेवा, हात साबणानं धुवा,’’ डॉक्टर म्हणाले. त्यावर सून मयुरी सासूला काहीच बोलली नाही. तेच बनाबाईला जड गेलं.

मुलगा संघर्षनं अंगणाच्या कोपऱ्यात कोंबड्यांना जाळी मारून दिली आणि दोघं नवरा-बायको पुन्हा कामावर जाऊ लागले. मागं राहिली बनाबाई. घाण झाडायची, जाळीत जाताना घातलेल्या चपला घराच्या दाराबाहेरच काढायच्या, पोरीचे हात धुवायचे, जरा वेळानं पुन्हा धुवायचे. गुडघे ठणकत. तिचे मालक पंजाबराव ओट्यावर पेपर वाचत बसलेले.

एका दुपारी भिंतीला टेकल्या टेकल्या तिचा डोळा लागला. कलकलाटानं जाग आली, तर पोरगी जाळीच्या आत! कडी हाताला येण्याजोगी होती, तिनं काढली होती. मुठीत पिलू, आणि त्याची आई पंख फुलवून तिच्या तोंडावर झेपावलेली. बनाबाईनं मधे हात घातला. एक टोच तिच्या मनगटावर बसली, एक पोरीच्या गालावर, डोळ्याच्या जरा खाली.

जखमा साबणानं धुऊन ती लेकराला कडेवर घेऊन आरोग्य केंद्रात गेली. डोळा वाचला होता.

संध्याकाळी मयुरी आली तेव्हा बनाबाई उंबऱ्यातच बसलेली. ‘‘इकून टाका साऱ्या कोंबड्या. मले आता होत नाही माय.’’

मयुरीनं खांद्यावरची पिशवीही काढली नव्हती. ती पोरीचा गाल बघत राहिली.

‘‘कोंबड्या राहू द्या, आई. तुम्ही थकून गेल्या.’’ मग ती सासऱ्याकडे वळली. ‘‘मामाजी, उद्यापासून दुपारी पोरीले तुम्ही पाहा.’’

‘‘मी? मले काय समजते त्यातलं?’’

‘‘आईले तरी कोणं शिकवलं?’’

पंजाबरावांनी पेपरची घडी घातली. कामावरून आलेल्या संघर्षनं जाळीची कडी काढून वर ठोकली.

दुसऱ्या दिवशी जेवणं झाल्यावर बनाबाई आतल्या खोलीत आडवी झाली. बाहेर नळ वाहत होता.

‘‘घास व माय, बोटाईच्या मंधात घास,’’ पंजाबराव म्हणत होते.

पोरीला सगळं भिजवलं असणार. बनाबाई कोपरावर उठली. क्षणभर तशीच राहिली, आणि मग भिंतीकडे तोंड करून पुन्हा पडली.