नाश्त्याबरोबर आजोबा

सीमेवरच्या त्या जुन्या शहरात मुक्कामाला जागांची वानवा नव्हती. पण पुलासमोरच्या या घराची बातच वेगळी, असं सून येणाऱ्या प्रत्येकाला सांगायची. चार भाषांचं शहर, आणि चारही भाषा बोलणारा म्हातारा घरातच! वरच्या खोल्या पाहुण्यांना, म्हातारा जिन्याखालच्या कोठीत.

सकाळी पाहुणे कॉफीला बसले की ती हाक मारी, "बाबा, या बरं!"

मग सासऱ्यानं खिडकीशी उभं राहून सांगायचं. सीमा बंद झाली त्या दिवशी धाकटा भाऊ पुलावरून पळत कसा आला, मधोमध गोळी लागून कसा कोसळला, आणि आपण इथून नुसते बघत कसे राहिलो. पहिल्यांदा सांगताना तो ढसाढसा रडला होता. एका पाहुणीनं त्याला जवळ घेतलं होतं. तेव्हापासून हे रोजचंच झालं.

पण रोज रडू कुठून आणणार? सांगून सांगून शब्द गुळगुळीत झाले. एकदा त्यानं बोलता बोलता भावाचा चेहरा आठवून पाहिला, तर आठवलं फक्त पुढचं वाक्य. तो हबकला.

दुसऱ्या दिवशी त्यानं सांगितलं, "भाऊ पोहोचला. मी दार उघडलं, तो आत आला."

"अरे वा! मग आता कुठे असतात ते?" एका पाहुण्यानं विचारलं. म्हाताऱ्यानं खिडकी लावून घेतली.

स्वयंपाकघरात मुलगा भडकला. "डोकं फिरलंय का, बाबा? लोक कशाला येतात इथे?"

"माझा भाऊ होता रे तो."

"मग नीट मरू द्या की त्याला!" सून म्हणाली.

आठवड्याभरात मुलानं एक रिकामा बसलेला नट शोधून आणला. त्याच्या अंगात म्हाताऱ्याचा कोट चढवला. म्हाताऱ्याला बजावलं, पाहुणे असेपर्यंत कोठीबाहेर पाऊल टाकायचं नाही.

नट कसलेला होता. गोष्ट पुलापाशी येताच त्यानं भावाला नावानं अशी हाक मारली, की कोठीत म्हातारा ताडकन उठून बसला. पळत येणारा तो चेहरा घामासकट डोळ्यांपुढे उभा राहिला. त्यानं तोंडात पंचा कोंबला, तरी हुंदका फुटलाच.

"आत कोण रडतंय?" पाहुणीनं विचारलं.

"कामाचा म्हातारा आहे हो," सून हसून म्हणाली. "जरा डोक्यानं अधू आहे. तुम्ही ऐका."

आणि उठून तिनं कोठीला बाहेरून कडी घातली.