भोंगाकाकांचा आवाज आणि मी

मी माइक बोलतोय. टिचक्या मारू नका, चालू आहे मी. फुंकरही नको.

कारखान्यातून निघालो तो थेट या वसाहतीच्या सभागृहात आलो. इथे जो तो मला तोंडाशी धरतो. कुणी पुटपुटतं, कुणी किंचाळतं, आणि "फार वेळ घेणार नाही" म्हणणारा तर श्रोत्यांच्या पोटात कावळे ओरडेपर्यंत मला सोडत नाही. सगळ्यांना मी सांभाळून घेतो. एकच माणूस काही माझ्या हाती लागला नाही. भोंगाकाका!

काकांचा जन्म छापखान्यात गेला. यंत्रांच्या खडखडाटात ओरडून बोलायची सवय लागली ती लागलीच. भाषणाला उठले की मला कोपराने बाजूला सारायचे. "हे खेळणं हलवा हो इथून!" मग असा आवाज लावायचे की आयांच्या मांडीवर झोपलेली पोरं दचकून रडायला लागायची.

अशा वेळी समोर बसलेल्या काकू काय करायच्या, तर मांडीवरचा तळहात जरासा खाली दाबायच्या. बस्स! काकांचा आवाज लगेच माणसात यायचा. मागच्या रांगेत चुळबुळ सुरू झाली की तोच हात किंचित वर उचलायच्या, की आवाज चढलाच. माझ्या दिमतीला एवढ्या वायरी, एवढी बटणं, आणि या बाईचा नुसता एक हात! माझा अगदी तिळपापड व्हायचा.

सभा संपली की वर दोघांचं लाडिक भांडण.

"अहो, शेजाऱ्यांशी बोलत होतात, छापखान्याशी नाही."

"अगं, तू होतीस ना समोर!" काका हसायचे.

मी तिथेच स्टँडवर लटकलेला. माझ्याकडे कोण बघतंय?

एका सभेला काकू आल्या नाहीत. मला आनंदाच्या उकळ्या फुटल्या. आज तरी काकांना माझी गरज लागणार! पण त्यांनी मला सारलंच आणि असे गरजले की लोकांनी कानांत बोटं घातली. काकांनी रिकाम्या खुर्चीकडे पाहिलं आणि वाक्य अर्धवट टाकून खाली बसले. काकू दवाखान्यात आहेत, हे मला मागाहून कळलं.

त्या परत आल्याच नाहीत. त्यांची शोकसभा याच सभागृहात झाली.

काका बोलायला उठले. ओठ हलत होते, पण ऐकू काहीच येईना.

"बाबा, जरा मोठ्यानं," मुलगी हळूच म्हणाली.

या माणसाला असं आजवर कुणी म्हटलं नव्हतं. काकांनी मला दोन्ही हातांनी धरलं, आयुष्यात पहिल्यांदाच. इतकी वर्षं मी याचीच वाट बघत होतो.

"अगं," ते म्हणाले, "आता मला कसं कळायचं, किती मोठ्यानं बोलायचं ते?"

मी तो शब्दन्‌शब्द शेवटच्या रांगेपर्यंत नेला, जराही न खरखरता. लोक डोळे पुसत होते. आणि मी? खोटं कशाला बोलू, मी तेव्हाही जळत होतो. काका अखेर माझ्याजवळ आले होते, पण बोलत होते तिच्याशीच.