बारापैकी बारा चूक

“सून गुणी आहे हो, पण दिशांचा गंध नाही तिला. हावड्याला एकटी कशी जाणार?” मंजुषाताई स्वयंपाकघरात नवऱ्याला दबक्या आवाजात सांगत होत्या. बाहेर सोफ्यावर ते ऐकणारे आम्ही दोघंच होतो, सून शर्वरी आणि मी.

मी एक चष्मा बोलतोय. डोळ्यांवर चढवला की जागेवरून न हलता माणसाला गल्लीबोळांतून फिरवणारा. माझा जन्म कोलकात्याच्या न्यू टाउनमधल्या एका प्रयोगशाळेतला. माणसं रस्ता कशी शोधतात, याचा अभ्यास केयूर तिथं माझ्याकडून करून घेतो. माझ्या आत दोन बारीक कॅमेरे आहेत, घालणाऱ्याची नजर कुठे गेली ते टिपणारे. नसलेल्या ट्रामला वाट देणारे प्राध्यापक मी पाहिलेत. कुणाला बोललो नाही.

केयूर हा शर्वरीचा तीन महिन्यांचा नवरा. जन्म कोलकात्याचा, झोपेतही बंगालीच बोलतो. शर्वरी साताऱ्याची. आल्यापासून दोनदा रस्ता चुकली. एकदा तर बाजार विचारून निघाली आणि थेट कालव्यावर पोचली. आता हावड्याच्या शाळेत तिला नोकरी लागली होती, सोमवारी रुजू व्हायचं होतं. रोज सासऱ्यांनी पोचवायचं, असं तिला न विचारता ठरलंही होतं. श्यामकांतरावांनी छत्री शोधून ठेवली होती.

त्या दुपारी केयूरनं गंमत म्हणून मला तिच्या डोळ्यांवर चढवलं. माझ्यातला आवाज बंगाली. ‘डान दिके’ म्हटलं, ती डावीकडे वळली. ‘बां दिके’ म्हटलं, उरलेल्या बाजूला. बारा वळणं, बारा चुका. पडद्यावर लाल रेघ भलतीकडेच गेली होती.

“बघ, मी काय म्हणत होते?” मंजुषाताई म्हणाल्या. केयूर हसला.

मला मात्र हसू आलं नाही. तिची नजर मी आतून पाहिली होती. एकाही वळणावर ती अडखळली नव्हती.

शर्वरीनं त्या लाल रेघेवर बोट ठेवून एकेक वळण मोजलं. मग तिनं केयूरला हळूच विचारलं, डान म्हणजे नक्की कुठलं? त्यानं उजवा हात वर केला आणि तो तसाच वर राहिला. बंगाली ‘डान’ म्हणजे उजवं, पण मराठी कानाला ते ‘डावं’ वाटतं, हे इतक्या वर्षांत आपल्या घरात कुणाला खटकलं कसं नाही, असं त्याच्या चेहऱ्यावर स्वच्छ वाचता येत होतं.

आवाज बंद करून तिनं मला पुन्हा चढवलं. नकाशा एकदाच पाहिला. औषधाचं दुकान, निळं दार, पिंपळाचा पार. बाराच्या बारा वळणं बरोबर! इतकी सरळ रेघ प्रयोगशाळेतही कुणी काढली नव्हती.

आता मी कपाटात असतो. माझा पट्टा सैल झालाय, पण माझ्यात एक मराठी आवाज भरलाय, तिचाच. मला हातात घ्याल तेव्हा एवढंच करा, चुकणाऱ्याला हसण्याआधी त्याच्या चुका मोजा. तिनं मोजल्या होत्या. त्या दुपारी मला उतरवून ती सगळ्यांसमोर म्हणाली,

“आई, दिशा न कळणारी निदान सहा वेळा तरी बरोबर वळली असती. बाराही वेळा चुकायला डावं-उजवं पक्कं माहीत असावं लागतं. सोमवारी मी नदीपलीकडे लाँचनं एकटी जाणार आहे. बाबा, ती छत्री मात्र मला द्या.”