दुपट्ट्याखालचे नाव

मित्रांनो, उत्तर न गेलेल्या एका पत्राची घडी मी कित्येक वर्षे पोटात सांभाळली. मी एक जुना सुती दुपट्टा आहे.

हातमागावर माझा जन्म झाला. चामोर्शीच्या बाजारातून लहानूने मला घेतले आणि आपला मित्र इस्तारी याच्या लग्नात त्याच्या खांद्यावर घातले. तेव्हा माझे काठ लालभडक होते. लोक कौतुकाने मला हात लावून बघत. इस्तारी धान कापताना मला डोक्याला बांधी आणि दुपारी बांधावर मला अंथरून पुस्तक वाची.

पुढे लहानू कामासाठी बल्लारपूरला गेला. तिथून त्याचे पत्र आले: "मी हातावर तुझं नाव गोंदून घेतलं. तू माझं घे. घेतलं का ते कळव." इस्तारी सुईला भ्याला, आणि लोक हसतील याला त्याहून जास्त भ्याला. गोंदल्याशिवाय कळवायचे तरी काय? त्याने उत्तर लिहिले नाही. पत्र माझ्या घडीत ठेवून त्याने आम्हा दोघांना पेटीत टाकले.

यंदा मळणीच्या दिवसांत लहानूचा मुलगा हेमराज बल्लारपूरहून आमच्या घरी आला. पेटीतून मी ऐकले.

"बाबा आता खाटेवरून उठत नाई, काका," तो म्हणाला. "पण पोस्टमन गेला का म्हणून रोज इचारते."

तो गेल्यावर पेटी उघडली. इस्तारीने पत्र वाचले आणि पुढच्या बाजारी मला खांद्यावर घेऊन तो यंत्राने गोंदणाऱ्या रोशनीपुढे बसला. तिने नवी सुई लावून त्याच्या डाव्या हातावर 'लहानू' लिहिले.

"आजा, सध्या ही जखम आहे, नाव मंग होईल," ती म्हणाली. "धुतलेल्या हाताशिवाय शिवू नका. तळ्यात उतरू नका, ऊन लागू देऊ नका. खाजलं तरी नख नाई लावाचं. अन् फडकं गुंडाळू नका."

इस्तारी मान हलवत राहिला. पण गाव जवळ आले तशी त्याला लाज वाटली आणि त्याने मलाच त्या हातावर गुंडाळले. इतक्या वर्षांनी मी कामी आलो होतो! मला अभिमान वाटला. माझ्यात पेटीची धूळ होती, पुढे खळ्यावरचा कोंडा आणि घामही मुरला. जखमेतून पाझरलेले पाणी माझ्या धाग्यांत शिरून वाळले. ज्या नावाला जपायचे, त्यालाच मी चिकटलो.

"हात काय चोरून आणला का, झाकून फिरता तो?" त्याची बायको गोकुळा म्हणाली.

इस्तारीने घाईने मला ओढले. 'हा' अक्षरावरची खपली माझ्यासोबत निघाली; बाकी मी चिकटूनच राहिलो. रक्त आले. हात लाल आणि गरम झाला होता.

"नावच फाटलं," तो म्हणाला. "आता कोणत्या तोंडानं लिवू त्याले?"

"तोंडानं नाई, हातानं लिवतेत. ओढू नका आता. सोडंन तो आपला आपण."

उकळून कोमट केलेले पाणी ती थेंब थेंब माझ्यावर सोडत बसली. फार वेळाने मी सुटलो. मग तिने त्याला दवाखान्यात नेले. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या, मलम दिले. घरी मला उकळत्या पाण्यातून काढून वाळवले, पण त्या हातावर पुन्हा घातले नाही.

इस्तारी आता उघड्या हाताने ओसरीच्या सावलीत बसू लागला. लोक नाव वाचत. "हा लहानू कोण, भाऊ?" असे विचारत. कुणी हसले, पण बरेच जण ऐकत बसले.

खपल्या आपोआप गळल्या. 'हा'मध्ये एक फिकट ठिपका राहिला.

"एवढं भरून घेतो, मंग लिवतो," इस्तारी म्हणाला.

"मंग अजून काई निघंन. लहानूभाऊ तोवर थांबते का?"

 मग पोस्टाचे कार्ड घेऊन त्याने लिहिले: "लहानू, तुझं नाव घेतलं. मी झाकून ठेवलं म्हणून एका जागी फिकट राह्यलं. दाखवाले येतो."

मित्रांनो, मळके कापड मायेने गुंडाळले तरी मळकेच असते. ताज्या गोंदणाला मोकळी हवा द्या, स्वच्छ पाणी द्या, आणि चिकटलेले कधी ओढू नका.

सकाळी इस्तारीने मला खांद्यावर घेतले. टपालपेटीच्या फटीत कार्ड अर्धे सरकवून त्याचा हात थबकला.  मग बोटे आपली आपण सुटली, आणि आत कार्ड पडल्याचा आवाज आला.