लेकीच्या डोळ्यातली चकती

त्या घरात दिवसभर सगळ्यात जास्त ऐकू येणारा शब्द म्हणजे ‘शी!’ आणि तो उच्चारणारा माणूस एकच, घरचा कर्ता पुरुष. धंद्याने बुकबाइंडर. शेजारच्या छापखान्यातली मंडळी त्याला ‘साबणमास्तर’ म्हणत. बसमधला दांडा धरावा लागला की शी! दुसऱ्याने ओठ लावलेला पेला समोर आला की शी! ताटात केस दिसला की जेवणच संपलं. सार्वजनिक नळ तो कोपराने बंद करी. लोक हसत, पण त्याला स्वतःचा अभिमानच वाटे. तसे आपण सगळेच थोडेफार साबणमास्तर असतो म्हणा. फक्त आपल्याला तसं नाव कोणी ठेवलेलं नसतं.

त्याची एकुलती एक मुलगी त्याच्याच दुकानात काम करी. पोरगी लहान असताना तिची आई गेली आणि साबणमास्तरची मोठी बहीण घरी राहायला आली. ती इस्पितळात नर्स होती, आता निवृत्त. मुलीची ती आत्या, आणि आईच्या जागीही तीच. पुस्तकाच्या कण्यावर सोनेरी अक्षरं उठवणं हे मुलीचं खास काम. तापवलेला ठसा वर्खावर एकदाच टेकवायचा असतो. चुकलं की चुकलं, पुसायची सोय नाही.

एकदा वकीलसाहेबांच्या कायद्याच्या मासिकांच्या अंकांची बांधणी चालली होती. हे जुनं गिऱ्हाईक, दर वर्षी न चुकता येणारं. मुलीने ठसे लावले आणि सगळी ओळ खाली घसरली. दोन अक्षरं तर एकमेकांच्या डोक्यावर बसली.

“लक्ष कुठे असतं तुझं?” बाप कडाडला. “आणि डोळे चोळू नकोस त्या हातांनी, शी!”

“बाबा, मला एका ओळीच्या तीन ओळी दिसतात,” मुलगी म्हणाली. “त्यातली खरी कुठली ते कळत नाही हल्ली.”

दुसऱ्याच दिवशी साबणमास्तर तिला आणि बहिणीला घेऊन डोळ्यांच्या इस्पितळात गेला.

डॉक्टरीणबाईंनी शांतपणे समजावलं. बुबुळावरचं पारदर्शक पटल, म्हणजे कॉर्निया, पातळ होत चाललं होतं आणि पुढे फुगत होतं. उजव्या डोळ्यावर आता लेन्सही टिकणार नव्हती. नेत्रदानातून पटल मिळालं असतं, पण वाट पाहणारे पुष्कळ होते.

“एक नवी पद्धत आहे,” त्या म्हणाल्या. “अजून अभ्यासाच्या टप्प्यावर आहे, त्यामुळे खात्री देणार नाही. तिच्याच पटलात छोटा खिसा करायचा आणि त्यात पातळ, पारदर्शक चकती सरकवायची. पटलाला जाडी मिळते, आकार सुधारतो.”

“कशाची चकती? प्लास्टिकची?”

“कोलॅजनची. डुकराच्या कातडीतून काढतात. मग इतकं शुद्ध करतात, की जनावराची एकही पेशी त्यात उरू देत नाहीत.”

साबणमास्तर खुर्चीतून ताडकन उठला. त्याच्या डोळ्यांसमोर भाजीबाजारामागचं गटार आलं. त्यात पोटापर्यंत बुडून लोळणारी, सडकी पानं मचमच चघळणारी ती काळी जनावरं! त्यांची कातडी? आपल्या पोरीच्या डोळ्यात? त्याला खरोखर मळमळलं. रुमाल तोंडावर धरून तो बाहेर पडला.

घरी पोचल्यावर बांध फुटला. “शी, शी, शी! माझ्या घरात हे चालणार नाही! त्यापेक्षा नेत्रदानाची वाट बघू.”

“वाट बघता बघता पटलावर चट्टा पडला तर?” आत्या म्हणाली. “अरे, तुला डुक्कर दिसतंय, मला पोरगी दिसतेय. तू दिवसभर पुस्तकं चिकटवायचा सरस ढवळतोस ना? तो कशाचा असतो रे? जनावरांची कातडी नि हाडं उकळूनच करतात ना? त्यात तरी दुसरं काय असतं? हेच कोलॅजन!”

“तो हाताला लागतो, ताई, डोळ्यात नाही जात! आणि हात मी धुतो.”

“ती चकतीही धुतात. तुझ्या जन्मभराच्या साबणाला जमणार नाही इतकी धुतात.”

“तुला नर्सबाईला कशाचंच काही वाटत नाही!”

“वाटायचं. जखमेत अळ्या पाहिल्यात मी, पू पाहिलाय. ओकारी यायची, बाहेर जाऊन ओकून यायचे. पण परत आत जायचे. किळस येणं आपल्या हातात नसतं, रे. पाठ फिरवायची की नाही, हे असतं.”

मुलगी म्हणाली, “बाबा, तुम्ही बाहेर पडल्यावर सगळं नीट विचारून मी संमतीपत्रावर सही केली आहे. तुमची परवानगी नाही मागत. सोबत मागतेय.”

तो गेला नाही. शस्त्रक्रियेच्या दिवशी पोरीबरोबर आत्याच गेली, आणि हा दुकानात बसून एकच पुठ्ठा पुन्हा पुन्हा कापत राहिला.

मुलगी घरी आली तेव्हा डोळ्यावर पट्टी होती आणि पट्टीखालून पाणी झिरपत होतं. बापाच्या अंगावर शहारा आला. त्याने तिचा कप वेगळ्या फळीवर ठेवला, टॉवेल वेगळ्या खुंटीवर टाकला. तिने वाढलेला घास त्याच्या घशात फिरे. भाजीला गटाराचा वास येतोय असंच त्याला वाटे. डोळ्यात थेंब घालायचं काम आत्याकडे होतं, आणि तेवढा वेळ हा गॅलरीत जाऊन उभा राही. वर मन मोकळं करायला म्हणून छापखान्यात जाऊन सांगून आला, “डुकराचं कातडं बसवलंय हो पोरीच्या डोळ्यात! जेवण जात नाही मला.” आपल्याच लेकीची बातमी आपल्याच तोंडाने गल्लीभर पसरवतोय, हे त्याच्या गावीही नव्हतं.

हळूहळू धूसरपणा ओसरला. तीन ओळींची एक ओळ होऊ लागली. पोरीने आरशात स्वतःला पाहिलं, आत्याच्या चेहऱ्यावरच्या सुरकुत्या पाहिल्या आणि हसली. मग बापाकडे पाहिलं. तो भिंतीकडे तोंड करून चहा पीत होता. इतक्या दिवसांनी स्पष्ट दिसलं, तर ते हे!

डॉक्टरीणबाईंनी होकार दिल्यावर ती पुन्हा दुकानात येऊ लागली. एका दुपारी वकीलसाहेब नव्या वर्षाचे अंक घेऊन आले. इथेच बांधलेला जुना खंड नमुन्याला म्हणून त्यांच्या हातात होता. मुलीने अंक घ्यायला हात पुढे केले, तसे ते दोन पावलं मागे सरले.

“हिने हात नाही लावायचा,” ते साबणमास्तरला म्हणाले. “ऐकलंय मी सगळं. पुस्तकं माझ्या घरात, माझ्या टेबलावर असतात. डुकराचा डोळा घेऊन बसलेली पोरगी ती हाताळणार? शी!”

आणि त्यांनी नाक मुरडलं, ओठ वाकडा केला, रुमाल तोंडाशी नेला. मुलीने मान खाली घातली. ती रडली नाही. सवय झालेल्या माणसासारखी एका बाजूला होऊन उभी राहिली, आणि बापाला कळलं की ही सवय तिला घरातच लागली आहे.

त्याच्या अंगाची लाही लाही झाली. किळस आलीच, पण ती चकतीची नव्हती. तो मुरडलेला चेहरा त्याच्या ओळखीचा होता, तो त्याचा स्वतःचा होता!

“वकीलसाहेब,” तो म्हणाला, “तो खंड खाली ठेवा. लगेच ठेवा! त्याच्या कण्याला मी जनावराच्या कातड्याचा सरस लावलाय. इतकी वर्षं बोटाला थुंकी लावून त्याचीच पानं उलटताय तुम्ही. तेव्हा नाही आली शी? माझ्या पोरीला दिसायला लागलं, तेव्हा बरी आली!”

“अहो, तुम्हीच तर छापखान्यात सांगत होता...”

“हो, मीच! जीभ झडायला हवी होती माझी. अंक उचला तुमचे. आमच्याकडे बांधणी हवी असेल तर ओळ हीच उठवणार.”

वकीलसाहेब अंक घेऊन गेले आणि पुन्हा आले नाहीत. इतक्या वर्षांचं गिऱ्हाईक तुटलं.

मग मुलीने पर्स उचलली. “घरी आत्याकडे जाऊन येते. थेंबाची वेळ झालीय.”

“बस इथेच. मी घालतो.”

त्याने हात धुतले, या वेळी स्वतःसाठी नाही, तिच्यासाठी. पोरीने पर्समधून थेंब, कापूस आणि उकळलेल्या पाण्याची बाटली काढून दिली आणि मान मागे टाकली. त्याने जवळून पाहिलं. डोळ्यात थोडी लाली होती, कडेला चिकट पाणी होतं, पापण्यांत पिवळसर पापुद्रा अडकला होता. पोटात ढवळलं. खोटं कशाला सांगा, चांगलंच ढवळलं! पण तो हलला नाही. उकळून गार केलेल्या पाण्यात कापूस बुडवून त्याने ती कड हलकेच पुसली, पापणी खाली ओढली आणि थेंब सोडला.

“तुला माझीच शी वाटत असेल,” तो पुटपुटला.

“वाटली होती, बाबा,” ती म्हणाली. “खूप वाटली. दुसरा थेंब पाच मिनिटांनी घालायचा असतो. जाऊ नका.”

“नाही जात,” तो म्हणाला, आणि स्टूल ओढून तिच्यासमोर बसला.

मंडळी, असा उपचार घ्यायचा की नाही, हे ज्याच्या त्याच्या मनावर आणि डॉक्टरांच्या सल्ल्यावर सोडा. नको म्हणणाऱ्याला नको म्हणू द्या. पण ज्याने घेतला त्याचा कप वेगळा ठेवू नका! किळस गटाराची जरूर यावी, आणि ते साफ न करणाऱ्यांचीही यावी. आजारातून उठणाऱ्या माणसाची किळस येत असेल, तर ती गिळा आणि त्याच्या जवळ जाऊन बसा. त्याला दिसायला लागेल तेव्हा समोर आपली पाठ नसावी.